ग्राफ्टिंगसाठी चायनीज टूल की स्टीलचा हुक?

नवा_मधपाळ
नमस्कार मंडळी. राणी पैदाशीसाठी ग्राफ्टिंग करतोय, म्हणजे पोळ्यातल्या घरातली कोवळी अळी उचलून राणीघराच्या (राणी वाढते त्या घराच्या) कपात ठेवायची. त्याला चायनीज टूल वापरतोय, तेच स्प्रिंगवालं, पुढे लवचिक जीभ असलेलं. निम्मे कपही माश्या धरत नाहीत, म्हणजे त्यांतली अळी वाढवत नाहीत. कधी जीभ अळीखाली जातच नाही, कधी अळी उचलली जाते पण कपात सुटत नाही. स्टीलचा हुक घ्यावा, की बारीक ब्रश? भिंग लागतंच का?

पोळे_आणि_पेटी
टूल बदलण्याआधी आहे त्याची जीभ भिंगाखाली धरून बघा. एकाच पाकिटातल्या दोन टूलांत फरक असतो. टोक पातळ आणि गुळगुळीत हवं. घराच्या भिंतीला लावून खाली सरकवलं की तळाशी पोचल्यावर जीभ आपोआप वळून तळाला चिकटत पुढे गेली पाहिजे. जाड जीभ वळत नाही, अळीला ढकलत नेते. टोकाला बारीकसं कुसळ राहिलं असेल तर अळीची त्वचा फाटते. आपल्याला काही दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी माश्यांनी कप साफ केलेला असतो. म्हणून टूल एकच न घेता चार-पाच घ्या आणि त्यातलं चांगलं निवडा. शिंगाची जीभ वाळली की वाकते. कामाआधी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा.

जीभ नेहमी अळीच्या पाठीकडून घाला, म्हणजे तिच्या अर्धवर्तुळाच्या बाहेरच्या बाजूने. खालची जेली (माश्यांनी अळीला दिलेलं अन्न) अळीसकट वर आली पाहिजे. कपाच्या मध्यावर जीभ टेकवायची, दट्ट्या सावकाश दाबायचा आणि दाबलेलाच ठेवून टूल मागे घ्यायचं. अळी सुटत नसेल तर बहुतेक वेळा जिभेवर जेली वाळलेली असते. दर दहा-पंधरा अळ्यांनंतर टूल स्वच्छ पाण्यात बुडवून दोन-तीनदा दाबा. अळी उलटली किंवा घराच्या भिंतीला घासली तर ती सोडा, दुसरी घ्या. तीच पुन्हा सरळ करत बसू नका.

षट्कोन
हुकाबद्दल. झिजत नाही, उकळून साफ करता येतो, टोक कायम तसंच राहतं. पण चायनीज टूलइतकी जेली तो सोबत आणत नाही. त्यामुळे कपात आधी रॉयल जेली आणि कोमट पाणी सम प्रमाणात मिसळून अगदी छोटा थेंब ठेवावा लागतो. थेंब मोठा झाला तर अळी बुडते. शिवाय घरं खोल असतील तर हुकाचा कोन बसत नाही. धारदार सुरीने भिंती अर्ध्यापर्यंत उतरवाव्या लागतात. हात बसला की काम झपाझप होतं, तोवर चायनीजच बरं.

ब्रश मला पटत नाही. ओल्या केसांवर अळी लोळते आणि कोणत्या कुशीवर होती ते कळत नाही.

आणि पोळं कोणतं घेताय? एकदोनदा पिल्लावळ होऊन गेलेलं गडद पोळं घ्या. तळ घट्ट असतो, पांढरी अळी त्यावर उठून दिसते. नव्या मेणात जीभ तळच फाडते.

पोळे_आणि_पेटी
भिंगाचं राहिलं. डोक्याला लावायचं अडीच-तीन पटीचं आणि एलईडी दिवा. उष्णता देणारा बल्ब नको. भरलेल्या बारवर (कप लावलेल्या पट्टीवर) लगेच ओला, घट्ट पिळलेला पंचा टाका.

नवा_मधपाळ
धन्यवाद. एका बारवरचे कप सलग कोरडे होते, दुसऱ्यावर अधूनमधून. याला काही अर्थ आहे का?

षट्कोन
आहे की. २४ तासांनी बार उचलून बघायचा तो यासाठीच. इथेतिथे विखुरलेले कप रिकामे असतील तर हाताळताना अळ्या दुखावल्यात, म्हणजे जीभ तपासा. आधी भरलेल्या बारचेच कप गेले असतील तर अळ्या वाळल्यात. सगळेच्या सगळे गेले तर टूलला दोष देऊ नका, राणीघरं पोसणाऱ्या पेटीत गडबड आहे: राणी राहून गेली, नाहीतर माश्यांनी स्वतःच राणीघर बांधायला घेतलंय. फ्रेमा झटकून बघा; माश्यांच्या गर्दीखाली राणीघर सहज लपतं. त्या पेटीत तरुण माश्या ओसंडून वाहत असाव्यात, परागकणांची फ्रेम शेजारी आणि पातळ साखरपाणी चालू असावं. प्लॅस्टिकचे कप आदल्या दिवशी त्याच पेटीत ठेवले तर माश्या ते घासूनपुसून घेतात.

पोळे_आणि_पेटी
+१. अळीचं वयही अंदाजाने ठरवू नका. राणीला सोमवारी सकाळी एका फ्रेमवर जाळीत कोंडा, मंगळवारी सकाळी सोडा. अंडी तिसऱ्या दिवसाअखेर फुटतात, म्हणून शुक्रवारी सकाळी त्या फ्रेमवर २४ तासांपर्यंतच्याच अळ्या मिळतात. त्यातही अंड्याहून किंचित मोठी दिसेल तीच उचला. ठळक, टपोरी अळी जिभेवर सोपी येते, म्हणून नवखे हात तिच्याकडेच जातात.

हिशोब चुकला का ते पुढे कळतंच. ग्राफ्टिंगनंतर राणी ११-१२ दिवसांनी बाहेर पडते, म्हणून राणीघरं दहाव्या दिवशी वेगळी करतात. एखादी नवव्या दिवशीच बाहेर आली तर तिची अळी मोठी होती, आणि ती बारवरची बाकीची राणीघरं बाजूने कुरतडून ठेवते.