पहिल्या बाळासाठी जन्माआधी काय घ्यावे आणि कशासाठी थांबावे?

नमस्कार.

आमच्या घरी पहिलेच बाळ येणार आहे आणि प्रसूतीला अजून अडीच-तीन महिन्यांचा अवकाश आहे. नवव्या महिन्यात दुकानांतून फिरणे होणार नाही, म्हणून खरेदी आताच उरकावी, असे सर्वांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. परंतु नेमके काय घ्यावे याबद्दल कोणत्याही दोन माणसांचे एकमत होत नाही. नातेवाइकांनी, मैत्रिणींनी आणि दुकानदारांनी सुचवलेल्या वस्तू एका कागदावर उतरवून काढल्या, तेव्हा त्यांपैकी प्रत्येक वस्तू कोणी ना कोणी ‘ही तर लागतेच’ असे म्हणून सांगितलेली निघाली. घरात जागा कमी आहे आणि खर्चालाही मर्यादा आहे, म्हणून ज्यांच्या घरी हे सगळे होऊन गेले आहे त्यांचा सल्ला हवा आहे.

यादी आटोक्यात आणण्यासाठी मी एक कसोटी लावून पाहिली. पहिल्या पंधरा दिवसांत मध्यरात्री जी वस्तू घरात नसेल तर अडेल, ती आधी घ्यायची. जिच्यावाचून सकाळपर्यंत निभावेल, ती बाळ आल्यावर गरज पाहून. फिनलंडमध्ये १९३८ साली गरजू मातांसाठी, आणि १९४९ पासून सर्वच मातांसाठी, बाळाच्या सामानाची एक पेटी सरकारतर्फे देण्यास सुरुवात झाली. त्या पेटीत भर असतो तो कपड्यांवर आणि अंथरुणा-पांघरुणावर. सोबत अंघोळीच्या वेळचे किरकोळ सामान, थर्मामीटर आणि नखांची कात्री. रिकाम्या पेटीत गादी घातली की तिथेच बाळाला झोपवता येते. ही माहिती वाचल्यापासून माझ्या यादीतल्या बऱ्याच वस्तूंविषयी मला शंका वाटू लागली आहे.

कपड्यांबाबतचा गोंधळ मापांचा आहे. बाळाचे जन्मावेळचे वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट होते. म्हणजे सर्वांत लहान मापाची झबली काही आठवड्यांतच आखूड होणार. मग ती किती घ्यावीत? आणि लंगोट कापडी घ्यावेत, की डायपर, की दोन्ही?

झोपण्याच्या जागेबाबत मात्र मला काटकसर करायची नाही. आम्ही कठडे असलेला छोटा पलंग पाहिला, तेव्हा त्याच्यासोबत एकाच रंगसंगतीतली गादी, उशी, दोन लोड, पांघरूण आणि कठड्याला आतून बांधायच्या मऊ पट्ट्या असा संच दाखवण्यात आला. दिसायला तो फारच देखणा होता. डॉक्टरांनी मात्र बाळाची जागा शक्य तितकी मोकळी ठेवायला सांगितले आहे. या संचातले घ्यावे तरी काय?

दुधाच्या बाटल्यांवरून घरात रोज चर्चा होते. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आम्हाला मान्य आहे आणि तसेच करायचे ठरले आहे; तरीही दोन बाटल्या, त्या निर्जंतुक करण्याचे यंत्र, दूध काढण्याचा पंप आणि पावडरचा एक डबा ‘असू दे घरात’, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे. हे आधीच आणून ठेवणे शहाणपणाचे आहे का?

शेवटचे म्हणजे, बहिणीकडून तिच्या मुलांचे सामान मिळणार आहे : एक बाजू खाली सरकणारा पलंग, बाबागाडी, कार सीट आणि चाकांचा वॉकर. यांतले काय घ्यावे आणि काय तिला न दुखावता नाकारावे?

उत्तर १

तुमची कसोटी चांगली आहे. तीच धरून लिहिते.

सर्वांत लहान मापाचे पाच-सहा जोड आणि त्यापुढच्या मापाचे तितकेच पुरे होतील, कारण भेट म्हणून येणारे कपडे बहुतेक याच दोन मापांचे असतात. समोरून उघडणारी झबली निवडा. डोक्यातून घालायचे कपडे सुरुवातीला बाळालाही नकोसे होतात आणि आईलाही. नाळेचा तुकडा वाळून गळून पडायला एक ते तीन आठवडे लागतात, तोवर त्याच्यावर घट्ट इलास्टिक येणार नाही हे पाहा. लांब नाड्या आणि सैल बटणे टाळा, आणि सगळे नवे कपडे एकदा धुऊन ठेवा. हात आखडता घेऊ नका तो दुपट्यांबाबत : गुंडाळायला, पुसायला, मांडीवर अंथरायला आणि दूध ओकले की खांद्यावर टाकायला तीच लागतात, आणि ती कधीही जास्त होत नाहीत. बुटांवर मात्र काही खर्च करू नका.

नवजात बाळाचा लंगोट दिवसाला दहाच्या आसपास वेळा बदलावा लागतो. दिवसा कापडी आणि रात्री डायपर, ही तडजोड बहुतेक घरांना मानवते. डायपरचे सर्वांत लहान मापाचे एकच पाकीट घ्या, कारण काही बाळे जन्मतःच त्या मापापेक्षा मोठी असतात.

त्या देखण्या संचातली गादी तेवढी घ्या, बाकी सर्व दुकानातच राहू द्या. उशी, लोड, मऊ पट्ट्या, सैल पांघरूण किंवा खेळणी नाकातोंडावर आली तर ती बाजूला सारण्याची ताकद बाळात नसते. अमेरिकेत अशा मऊ पट्ट्यांच्या विक्रीवर २०२२ च्या कायद्याने बंदी आली, यावरून धोका काल्पनिक नाही हे लक्षात येईल. गादी घट्ट, सपाट आणि पलंगात कडेला फट न ठेवता बसणारी हवी, तिच्यावर ताणून बसणारी चादर हवी, आणि कठड्याच्या गजांमधले अंतर सहा सेंटीमीटरहून जास्त नको. बाळाला प्रत्येक झोपेसाठी पाठीवरच झोपवा. १९९० च्या दशकात या सवयीचा प्रसार झाल्यावर अनेक देशांत झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरले. पहिले निदान सहा महिने बाळाची जागा तुमच्याच खोलीत, पण स्वतंत्र असावी. त्यामुळे तुमच्या यादीत कॅमेऱ्याचा मॉनिटर असेल, तर तो तूर्तास आपोआपच गळतो.

बाटल्या आणि डबा आधी आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिते, त्यामुळे ‘दूध पुरत नाही वाटते’ हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी उच्चारतेच, आणि डबा समोर असला की तो उघडला जातो. वरचे दूध देण्याची वेळ खरोखर आली, तर तसे डॉक्टर सांगतील; त्यात कमीपणा काहीच नाही, आणि त्या वेळी सामान आणता येते. पंप नोकरीवर परतण्याच्या बेतानुसार पुढे घ्या.

प्रश्नकर्तीकडून

मनापासून आभार. गादी आणि दुपट्यांचा प्रश्न सुटला, आणि डब्याबद्दलचे तुमचे म्हणणे मी घरी वाचून दाखवणार आहे. दुपट्यात गुंडाळणे कधीपर्यंत योग्य असते आणि औषधांच्या कप्प्यात काय ठेवावे, हेही कृपया सांगावे. बहिणीकडच्या सामानाविषयीचा प्रश्न अजून उभा आहे.

उत्तर २

औषधांच्या कप्प्यात डिजिटल थर्मामीटर, निर्जंतुक कापूस आणि नखांसाठी मऊ कानस किंवा गोल टोकाची कात्री, एवढे पुरे. तापाचे औषध स्वतःहून देण्यासाठी आणून ठेवू नका : तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरेनहाइट, किंवा अधिक ताप आला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे असते. अंगाला लावायची पावडर घेऊ नका. तिचे कण श्वासातून आत जातात.

गुंडाळताना छातीवर दुपटे सैल असावे आणि पाय गुडघ्यात वाकवून बाजूला पसरता येतील इतकी जागा असावी, कारण सरळ ताणून आवळलेल्या पायांमुळे खुब्याच्या सांध्याला अपाय होऊ शकतो. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागले की गुंडाळणे थांबवावे.

बहिणीकडचे कपडे निःशंक घ्या. एक बाजू खाली सरकणारा पलंग मात्र घेऊ नका. बाजू निखळून फटीत बाळे अडकल्याच्या घटनांनंतर अमेरिकेने २०११ मध्ये अशा पलंगांची विक्री बंद केली. कार सीट अनोळखी माणसाची असती तर मी सरळ नको म्हटले असते, पण बहिणीला तुम्ही विचारू शकता : ती सीट कधी अपघातात सापडली होती का, तिच्यावर छापलेली मुदत उरली आहे का, पट्टे आणि माहितीपुस्तिका शाबूत आहेत का, आणि ती नवजात बाळाच्या वजनाला चालते का. चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर नवी घ्या, कारण बाळाला मोटारीने घरी आणणार असाल, तर तुमच्या कसोटीनुसार ही वस्तू पहिल्याच दिवशी लागते. सीट मागच्या आसनावर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला येईल अशी बसवावी; चालू एअरबॅगसमोर ती कधीही ठेवू नये.

वॉकर नाकाराच. त्याने बाळ लवकर चालू लागत नाही. उलट ते क्षणात जिन्यापर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत पोहोचते. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, हे बहिणीला सांगितले तर नकाराचे कारण तुमच्या अंगावर येणार नाही. बाबागाडी घेण्यापूर्वी तिचे ब्रेक, घडी होताना बसणारी कळ आणि कमरेचे पट्टे तपासा, आणि तिची पाठ पूर्ण आडवी होते का ते पाहा. होत नसेल तर बाळ स्वतःच्या बळावर मान धरून बसू लागेपर्यंत ती बहिणीकडेच राहू द्या.