लोक-१ गव्हावर तांबेरा आणि 'जंगली गवताचं जीन', हे जीएम (जनुक बदललेलं) आहे का?

बांधावरचा_माणूस:
नमस्कार मंडळी, निफाड साईडला आमचा अडीच एकर लोक-१ आहे, पेरणी डिसेंबरात गेली ती चूक झालीच, परवा पाण्याच्या पाळीला गेलो तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत नारिंगी, पान बोटाने चोळलं की विटेच्या भुग्यासारखी पावडर. प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक मारलंय. पण भाचा कृषीला आहे तो म्हणतो मामा बियाणंच बदला, तांबेरा येऊ नये म्हणून नवीन वाणांत जंगली गवताचे जीन घालतात. मग हे बीटी कापसासारखंच झालं ना? आई म्हणते गवताच्या पिठाची चपाती मी लाटणार नाही 😄

ओंबीवाला:
जीएम नाही भाऊ, साधा संकरच, फक्त सोयरीक लांबची. गव्हाच्या एका फुलात तीन पुंकेसर, ते पिकायच्या आत चिमट्याने काढायचे, ओंबीला कागदी पिशवी, दोन-तीन दिवसांनी गवताचा पराग टाकायचा. मी एमएस्सीला केलंय, मान मोडते. त्यात हा लांबचा संकर असेल तर दाणा धरला तरी आत सुकतो, मग कोवळा गर्भ सुईने काढून बाटलीत वाढवायचा, रोप आलं तर ते वांझ, त्याला कोल्चिसिन देऊन गुणसूत्रं दुप्पट करायची. एवढं करून हातात काय, तर अर्धं गवत! बारीक दाणा, झडणारी ओंबी. म्हणून पुन्हा पुन्हा गव्हाशीच संकर करत राहायचं, गवताचा हवा तेवढाच तुकडा उरेपर्यंत. निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या गहू संशोधन केंद्राने असंच सी-३०६ या चपातीच्या जुन्या वाणात उंच व्हीटग्रास या गवताचं एलआर२४ हे तांबेरा रोखणारं जीन आणून एचडब्ल्यू २००४ हा वाण काढला.

आणि आईला सांगा, गव्हाच्या ४२ गुणसूत्रांतली १४ एजिलॉप्स टॉशी नावाच्या गवताचीच आहेत, हजारो वर्षांपूर्वी शेतात आपोआप आलेली. कणीक ताणली जाते त्यात त्या गवताचाही हात आहे, तेव्हा त्या गवताची चपाती लाटतच आल्यात.

शंकासुर:
बरोबर आहे, पण टिकतं किती ते पण सांगा की. अमेरिकेत सीअर्स या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये एजिलॉप्स अंबेल्युलाटा गवताचं एलआर९ हे असंच जीन गव्हात आणलं, तेही सरळ संकर जमेना म्हणून आधी खपली गव्हाच्या रानटी जातीशी जुळवून, मग एक्स-रे मारून गुणसूत्राचा तुकडा तोडून. एवढा खटाटोप, आणि वाण शेतात गेल्यावर तांबेऱ्याने काही वर्षांत तोडलं. राय धान्यातून आलेलं, काळा तांबेरा रोखणारं एसआर३१ तर जगभर कित्येक वाणांत होतं, १९९८ ला युगांडात त्यावर काळा तांबेरा सापडला, तोच यूजी९९, पुढे इराणपर्यंत आला. अख्ख्या गल्लीला एकाच चावीची कुलपं लावली की चोराला एकच चावी करावी लागते.

ओंबीवाला:
मान्य, म्हणून तर आता एका वाणात दोन-तीन जीन एकत्र बसवतात. पंजाबच्या उन्नत पीबीडब्ल्यू ३४३ या वाणात दोन वेगवेगळ्या गवतांचे तुकडे आहेत. पण तो तिकडच्यासाठी, तिकडे त्रास पिवळ्या तांबेऱ्याचा, आपल्याकडे त्याला थंडीच पुरत नाही, आपला त्रास काळा आणि नारिंगी.

कृष्णाकाठ:
सांगलीकडून लिहितोय. खपलीचं नाव निघालं म्हणून. आपण पेरतो ती खपली जंगली नाही पण गव्हाची जुनी भावकीच, २८ गुणसूत्रांची. आपली खपली पार अमेरिकेत गेली, काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायला तिथल्या स्टॅकमन या शास्त्रज्ञाने जे १२ गहू ठरवले त्यात ती होती, एसआर१४ हे जीन तिच्यातूनच घेतलेलं, आणि सिडनीत वॉटरहाऊस या शास्त्रज्ञाने तिच्यापासून खापस्टीन नावाचा गहू केला. आणि आम्ही इथे, कांडप कोण करणार म्हणून चार सऱ्यांवर आणून ठेवली होती. आता शहरात भाव मिळतो म्हणून परत लावतोय.

बांधावरचा_माणूस:
खापस्टीन 😂 भाच्याला दाखवतो. मग आमच्या भागाला कोणता वाण घेऊ?

ओंबीवाला:
अहो, गव्हाचं केंद्र तुमच्याच तालुक्यात, कुंदेवाडीला! त्र्यंबक, फुले समाधान तिथलेच. एक चक्कर मारा, यंदा तांबेरा कशावर आला ते प्लॉटवरच बघा. आणि पेरणी नोव्हेंबरात उरका, उशिराच्या गव्हाला तांबेरा जास्त गाठतो.

बांधावरचा_माणूस:
सोमवारी जातो. आईसाठी अर्धा एकर लोक-१ ठेवावाच लागेल, ती काही ऐकत नाही.

शंकासुर:
ठेवा, पण नव्या गव्हाच्या अगदी शेजारी नको, आणि पॅन्ट जुनी घाला.