मिठागरातली चिखल्याची घरटी: पिंजरा लावावा का?

मांडवीकर_बडोदा:
खंभातच्या आखातावर, जंबुसरच्या बाजूला एका पडीक मिठागरात केंटिश चिखल्या या किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्याची ४ घरटी आहेत, म्हणजे जमिनीवरच्या उघड्या खळग्या, प्रत्येकात ३ अंडी. दोन बांधाच्या माथ्यावर, दोन खालच्या खारट सपाटीवर. खालची दोन गेल्या उधाणाने टाकलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेपासून जेमतेम वीतभर वर आहेत. बांधावरून मोटरसायकली जातात, अगरियांच्या (मीठ पिकवणाऱ्या कामगारांच्या) वस्तीतली कुत्री फिरतात. बडोद्याहून आमचा ६ जणांचा गट फक्त रविवारी जाऊ शकतो. चारही घरट्यांना तारेच्या जाळीचे पिंजरे करावेत आणि खालची दोन बांधावर हलवावीत, असा विचार आहे. जाळीचं भोक किती ठेवायचं?

खाजण:
भाऊ, पिंजरा नको. कुत्रं त्याने अडतं हे खरं, पण युरोप-अमेरिकेत चिखल्यांसाठी असे पिंजरे पुष्कळ वापरले गेले आणि काही ठिकाणी नुकसान उलट बाजूने झालं: अंडी वाचली, पण पिंजऱ्यातून बाहेर पडणारे मोठे पक्षीच शिकारी पक्ष्यांनी टिपले. रोज नजर ठेवणारं कोणी असेल तरच पिंजऱ्याचा विचार करावा. तुम्ही आठवड्यातून एकदा जाणार.

अंडी हलवायचीच नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी-घरटी विचलित करणं येतं. वनखात्याला विचारल्याशिवाय काहीही करू नका, साधी दोरीसुद्धा बांधू नका.

ओळख एकदा पक्की करा. कंठेरी चिखल्या बहुधा ४ अंडी घालतो, त्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं आणि गळ्याचा काळा पट्टा अखंड असतो. केंटिशचा पट्टा छातीवर मध्येच तुटलेला, पाय काळपट.

आणि सगळ्यात मोठा धोका तुमचा स्वतःचा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हा पक्षी अंडी उबवत नाही, त्यांच्यावर सावली धरून उभा राहतो. मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ती ओल अंड्यांना देतो. तुम्ही ४० मीटरवर फोटो काढत थांबलात की तो दूरच घुटमळतो, आणि अंडी उन्हात शिजतात. सकाळी ८च्या आत जा, १०० मीटरवरून दुर्बिणीने पक्षी बसलाय का एवढंच बघा आणि पुढे निघा. घरट्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत फिरू नका, तुमच्या पावलांचा माग कुत्र्याला थेट अंड्यांपर्यंत नेतो. कावळे तर वरून बघतच असतात.

दांडियाबाजार:
खाजण यांच्याशी सहमत. परवानगी मिळाली की दोरीचं कुंपण करा: सुतळी आणि बांबूच्या खुंट्या, जमिनीवर ६० सेंटीमीटरपेक्षा उंच नकोत. उंच खांब दिला तर कावळ्याला बसायला जागा होते, म्हणून खुंटीचं टोकही तासून अणकुचीदार करा. घरट्यापासून दोरी सगळीकडून किमान ५० मीटर लांब हवी, पण घरटं मुद्दाम मध्यभागी ठेवू नका, नाहीतर कोणीही अंदाजाने पोचेल.

बांधावर ५० मीटर दोन्हीकडे अडवलं तर मोटरसायकल कुठून जाणार, ते आधी ठरवा. दुसरी वाट दिली नाहीत तर दोरी त्याच दिवशी तुटेल. हे अगरियांशी बोलूनच करा, कोणती वाट कधी लागते ते त्यांनाच माहीत असतं. कुत्री येतात ती मासळीची घाण आणि उरलेल्या अन्नामागे. ते उघड्यावर न टाकता खड्ड्यात पुरलं जाईल अशी व्यवस्था झाली तर निम्मं काम झालं.

टायरच्या चाकोऱ्या खराट्याने सपाट करा, तेही अंडी फुटायच्या आत. पिल्लं निघाल्यावर धोक्याच्या वेळी चाकोरीतच दबकून बसतात, हलत नाहीत, आणि पुढच्या चाकाखाली जातात.

मांडवीकर_बडोदा:
पटलं. मग खालची दोन उधाणावर सोडून द्यायची? आणि घरटं रिकामं दिसलं तर पिल्लं निघाली की कोणी खाल्लं, हे कसं ओळखायचं?

खाजण:
हो, सोडून द्या. अंडी साधारण २५ दिवस उबवतात आणि उधाण दर पंधरवड्याला येतं, त्यामुळे प्रत्येक घरट्याच्या वाट्याला एक-दोन उधाणं येतातच. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस जपायचे. त्यात समुद्राकडून वारा असेल तर पाणी आणखी चढतं. पण अंडी वाहून गेली तर जोडी त्याच हंगामात पुन्हा घालते. मोठा पक्षी मेला तर सगळंच संपतं. म्हणून अंड्यांपेक्षा मोठ्या पक्ष्याला जपा.

रिकाम्या घरट्याबद्दल: आधी ते खरंच रिकामं आहे ना, ते बघा. पक्षी उठताना अंडी वाळूत अर्धीमुर्धी झाकून जातो. पिल्लं निघाली असतील तर खळगीच्या तळाशी शिंपल्यांच्या चुऱ्यात कवचाचे २-३ मिलीमीटरचे कण सापडतात, कारण अंड्याचे मोठे तुकडे आईबाप उचलून लांब टाकतात. मोठे तुकडे आणि सुकलेला बलक दिसला, तर कोणीतरी फोडलं. पिल्लं काही तासांतच खळगी सोडतात, पण उडायला जवळपास महिना लागतो. दोरी लगेच काढू नका, ओल्या काठाकडे जाणारी वाटही मोकळी ठेवा.

चिंचेचा_पार:
पुढच्या वर्षासाठी दोन गोष्टी. त्या सपाटीवर गांडो बावळ (वेडी बाभूळ) चढत असेल तर ऑक्टोबर ते जानेवारीत काढा. नुसता तोडला तर बुंध्यातून दुप्पट फुटतो, मुळाचा गड्डा खणून काढावा लागतो. या पक्ष्याला चारी बाजूंनी उघडी जमीन हवी, कारण धोका दुरून बघून उठणं हेच त्याचं संरक्षण. त्याच कारणासाठी मोकळ्या चिखलपट्टीवर तिवरांची लागवड करायला कोणी आलं तर हरकत घ्या. तिवरं चांगलीच, पण जिथे ती मुळात नव्हती तिथे नकोत.

दुसरं, २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत पक्ष्यांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक, म्हणजे १-अ गटात आहेत. त्यासाठी नोंदी लागतात: तारीख, घरट्यांची संख्या, अंडी, शेवटी काय झालं. त्या जिल्ह्याच्या वनखात्याकडे लेखी द्या. इथे मात्र ठिकाण आणखी उघड करू नका, आणि फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद पुसा.