नावाहोंच्या अध्यक्षाला नावाहो यायलाच हवी का?

मृण्मयी_क
२०१४ ची गोष्ट. नावाहो नेशन म्हणजे अमेरिकेतल्या नावाहो या मूळनिवासी लोकांचा स्वशासित प्रदेश. त्याच्या अध्यक्षपदाच्या प्राथमिक फेरीत ख्रिस डेशीनी दुसरे आले. अध्यक्षाला नावाहो भाषा अस्खलित यायला हवी असा तिथला कायदा होता. डेशीनींनी भाषेची परीक्षा द्यायला नकार दिला आणि ते बाद झाले. निवडणूक लांबली, एप्रिल २०१५ मध्ये रसेल बेगे निवडून आले. त्याच जुलैत सार्वमत झालं आणि नियम सैल झाला: उमेदवाराला भाषा पुरेशी येते की नाही, हे आता मतदारच ठरवतात.

माझ्या मते अट राहायला हवी होती. 'मला दे' म्हणतानाही या भाषेत वस्तू पाहून क्रियापद बदलतं. दोरी मागायची तर एक, वाटीतलं पाणी मागायचं तर दुसरं, चिखलासारखं काही असेल तर तिसरं. हे इंग्रजीत कसं उतरवणार? शिवाय तिथल्या कितीतरी आज्यांना आपलं गाऱ्हाणं याच भाषेत नीट मांडता येतं. त्यांच्यासमोर अध्यक्षाने दुभाषा घेऊन बसायचं?

सदानंद
साफ चूक. भाषा गेली ती कुणामुळे? अमेरिकेच्या सरकारी निवासी शाळांत मुलांचे केस कापले, नावाहो बोललं की साबणाने तोंड धुतलं. मार खाल्लेल्या त्या पिढीने पोरांना मुद्दाम इंग्रजी शिकवलं, त्यांना तरी मार बसू नये म्हणून. आता त्यांच्या नातवंडांना तुम्ही सांगणार, 'तुम्ही पुरेसे नावाहो नाही'? शिक्षा पुन्हा त्याच घरांना.

आणि ज्या सरकारने ही भाषा मोडायला घेतली, त्याच सरकारने १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, नावाहो तरुणांकडून तिच्यातच गुप्त संदेशांची सांकेतिक भाषा बनवून घेतली. पाणबुडीला 'लोखंडी मासा' म्हणायचे. जपान्यांना ती कधीच फोडता आली नाही. याचा मला अजून राग येतो.

वैशाली, फिनिक्स
सदानंद, राग मलाही येतो. पण माझ्या मुलीचं मराठी उद्या गेलं, तरी महाराष्ट्रात कोट्यवधी लोक मराठी बोलत राहतील. नावाहोला असं दुसरं माहेर नाही.

सदानंद
म्हणूनच पैसा शाळांत घाला. नावाहो नेशनमधल्या रफ रॉक गावची शाळा १९६६ मध्ये सुरू झाली, तिथे नावाहोतूनही शिकवलं. भाषा बालवाडीत वाचते, उमेदवारी अर्जावर नाही.

मृण्मयी_क
शाळांचं शंभर टक्के मान्य. पण पोर शाळेत शिकणार आणि सगळ्यात मोठ्या खुर्चीवर इंग्रजीच ऐकणार, तर ते बोलेल कशाला? अट काढण्याऐवजी मुदत द्यायची होती. निवडून या, चार वर्षांच्या कारकिर्दीत शिका, मग परीक्षा द्या.

सदानंद
मुदत चालेल. पण परीक्षा कोर्टाने किंवा अधिकाऱ्यांनी घेऊ नये. अध्यक्षाने त्या आज्यांसमोर बसावं, त्यांच्या मेंढ्यांबद्दल, पाण्याबद्दल बोलावं. पास-नापास त्यांनी ठरवावं.