जुलैत बाळंतपण, कोकणचा पाऊस: बाळासाठी नक्की काय काय घ्यावं?

रानजाई:
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे, पहिलंच बाळ. घर चिपळूणला, दोन खोल्या, कपडे वाळत घालायला आत दोनच दोऱ्या. वॉशिंग मशीन आहे, ड्रायर नाही. दुकानाच्या यादीत बाटल्यांचा संच, स्टेरिलायझर, वॉकर, राईची उशी, पावडर-लोशनचा डबा असं बरंच काही आहे. सासूबाई म्हणतात, लंगोट आणि दुपटी असली की झालं. पहिल्या तीन महिन्यांत खरंच कशावाचून अडतं? लंगोट किती शिवून घेऊ? सहा महिन्यांनी नोकरीवर रुजू व्हायचं आहे.

पागोळी:
सासूबाईंचं बरोबर आहे, फक्त आकडा पावसाच्या हिशोबाने धरा. नवजात बाळाला दिवसाला १२ ते १५ लंगोट लागतात. उन्हाळ्यात दुपारपर्यंत वाळतात म्हणून दोन डझनांत भागतं. जुलैत घरातल्या दोरीवर तोच लंगोट दीड-दोन दिवस दमट राहतो, म्हणजे तीन दिवसांचा साठा हवा. ४० शिवा. रात्री डायपर लावणार असाल तर ३० पुरतील. त्याशिवाय १० दुपटी, बांधायची ८ झबली, २-३ टोपडी आणि २ रबरी शीट. शून्य नंबरची झबली महिन्याभरात तोकडी होतात, म्हणून निम्मी एक नंबरची घ्या.

कापड जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं असेल तर उत्तम. नवं मलमल आणलंत तर शिवायच्या आधी दोनदा धुवा, खळ असेपर्यंत ते पाणी शोषत नाही. जाड चौपदरी लंगोट पावसाळ्यात नकोतच, वरून कोरडे लागतात आणि मधला पदर ओला असतो. कपडे मऊ करायचं कंडिशनरही घालू नका, त्याचा थर बसून शोषणं कमी होतं.

धुऊन झाल्यावर मशीनमध्ये नुसतं स्पिन आणखी एकदा फिरवा. दोरीवर दोन लंगोटांत चार बोटं अंतर ठेवा आणि खालून पंखा लावा. किंचित ओलसर असतानाच इस्त्री फिरवा. नाडीची शिवण सगळ्यात शेवटी वाळते. ती वरच्या ओठाला लावून बघा, गार लागली तर लंगोट अजून ओला आहे. तसाच बांधला की जांघेत बुरशीचं पुरळ उठतं: लालभडक चट्टा, कडेला बारीक पुटकुळ्या आणि कातडीच्या घडीच्या आतही लाली. साध्या लालीला झिंक ऑक्साइडचं मलम पुरतं, या पुरळाला नाही. ते डॉक्टरांना दाखवा.

आणि कृपा करून, शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवायची जुनी रीत बाळंतिणीच्या बंद खोलीत करू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. धुरीही नको.

दोनपदरी:
डायपरचं बघा. न्यू बॉर्न साइझ साधारण ५ किलोपर्यंत असतो. बाळ तिथे पोचायच्या आधीच मांड्यांशी वळ दिसायला आणि बाजूने गळायला लागतं, म्हणून सवलतीत मिळाला तरी मोठा गठ्ठा आणू नका. एक लहान पाकीट संपलं की पुढचं. नाळ पडेपर्यंत डायपरची पुढची कड नाळेखाली दुमडायची. नाळ कोरडी राहू द्या, हळद, तेल, पावडर काही लावू नका. पावडरचा डबा तर यादीतूनच काढा, तिचा धुरळा बाळाच्या श्वासात जातो. पुसायला कापूस आणि कोमट पाणी पुरतं, मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचं.

आत पॅड घालायचे तयार कापडी डायपर चांगले असतात, पण त्यांचे जाड पॅड तुमच्याकडे जुलैत वाळणार नाहीत. ते दिवाळीनंतर घ्या.

जागरण:
राईची उशी, लोड, पाळण्याच्या कडेला बांधायच्या गाद्या, यातलं काहीही झोपलेल्या बाळाजवळ नको. सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवा. डोकं चपटं होईल अशी भीती असेल तर जागं असताना, कोणीतरी समोर बसून, दिवसातून तीन-चारदा दोन-दोन मिनिटं पालथं ठेवा. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो, म्हणून रात्रीची झोप झोळीत नको.

मच्छरदाणी मात्र सगळ्यात आधी आणा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगाला लावायचं डास पळवणारं मलम चालत नाही.

डिजिटल थर्मामीटर हवाच. काखेत लावून १०० फॅरनहाइटच्या वर दिसलं तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी औषध न देता लगेच दवाखान्यात न्या. डॉक्टर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून देतील. बाजारात एका मिलीत ४०० युनिट आणि एका मिलीत ८०० युनिट, अशा दोन्ही बाटल्या मिळतात. दुकानदाराने दुसरी दिली आणि माप तेच ठेवलं तर डोस दुप्पट होतो, म्हणून दर वेळी लेबल वाचा.

वॉकर घेऊच नका. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट बाळ क्षणात उंबऱ्यापर्यंत, चुलीपर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. ते पैसे, गाडी असेल तर, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे राहील अशा कार सीटला लावा.

रानजाई:
खूप आभार सगळ्यांचे. बाटल्या आणि ब्रेस्ट पंप आताच घेऊन ठेवू का?

पागोळी:
दोन्ही आता नको. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी, मध, गुटी काही नाही. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीलाच बंदी आहे, ती याचसाठी. दूध काढून द्यायची वेळ आली तर वाटी-चमचा वापरा. आधी तो घासून १० मिनिटं उकळा, म्हणजे स्टेरिलायझरही लागत नाही. बोंडलं घरात असलं तरी त्याच्या चोचीत आतून घासता येत नाही, दूध साचतं.

पंप पाचव्या महिन्यात घ्या. फनेलचं माप स्तनाग्राच्या रुंदीवरून ठरतं. ते चुकलं तर दुखतं आणि दूधही नीट उतरत नाही, म्हणून दोन-तीन मापांचे फनेल मिळतील असाच पंप बघा. काढलेलं दूध साध्या खोलीत ४ तास टिकतं. दमट उकाड्यात तेवढं धरू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा: दारात नाही, आतल्या बाजूला, डब्यावर तारीख-वेळ लिहून. गरम करताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको, कोमट पाण्याच्या भांड्यात डबा धरा.