जुन्या वाड्यांच्या डागडुजीसाठी मालकाला घरपट्टीत सवलत द्यावी का?

ओसरीवरून: पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला घरपट्टीत ४० टक्के सवलत आहे. मध्ये बंद झाली होती, २०२३ला परत आली. घर भाड्याने दिलं की ती जाते. माझं म्हणणं, पेठांमधला जो मालक बिऱ्हाडं न हलवता छप्पर, जिना, संडास नीट करेल, त्याला ही सवलत दहा वर्षं द्या. भाडं मात्र आवाक्यात ठेवायचं.

वाडामालक: सवलतीने काय होतंय? माझी आठ बिऱ्हाडं, प्रत्येकी महिना ९० रुपये भाडं. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ, म्हणजे ३ रुपये ६० पैसे! छपराचा अंदाज ४ लाख. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात सोय आहे म्हणा: ७० टक्के भाडेकरूंनी लेखी संमती दिली, तर सुधारणेच्या खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत वर्षाला भाड्यात वाढवता येतात. आठांत सहा सह्या लागतात. तिघं खोलीला कुलूप लावून कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतात. गेलो होतो. चहा मिळाला, सही नाही.

माडीवरचा भाडेकरू: गणित पुरतं करा की. ४ लाखांचे १५ टक्के ६० हजार, म्हणजे बिऱ्हाडामागे महिना ६२५. एवढे तर मीही देईन. पण आमचे मालक विचारतच नाहीत. जिन्याची पायरी मोडून दोन पावसाळे झाले. कायदा म्हणतो, १५ दिवसांची नोटीस द्या, स्वतः दुरुस्त करा, भाड्यातून वळते करा. पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. माझं भाडंही ९०च. पाव हिस्सा २७० रुपये. तेवढ्यात सुतार पायरी बघून जातो फक्त. वाडा धोकादायक ठरला की बिल्डर आलाच, मग डागडुजी कोण कशाला करेल?

आंबेगावकर: मी अकरा महिन्यांच्या करारावर राहतो, दरवर्षी भाडं वाढतं. पेठेतल्या ९० रुपयांच्या खोलीसाठी महापालिकेने उत्पन्न का सोडायचं? त्यापेक्षा मुंबईसारखा जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर लावा, काम म्हाडाच्या मंडळाने करावं.

वाडामालक: मुंबईत उपकर भरलेल्या इमारती पडत नाहीत वाटतं?

ओसरीवरून: बरं, माझ्या सूचनेत बदल करतो. सवलत आधी नाही, काम पुरं झाल्यावर. आणि बंद खोल्यांचे भाडेकरू त्या ७० टक्क्यांत धरायचे नाहीत. हा बदल राज्याने करायला हवा, महापालिकेच्या हातात नाही.

माडीवरचा भाडेकरू: बंद खोली म्हणजे नक्की कोणती? आई सहा महिने बहिणीकडे असते.

वाडामालक: बघा! इथेच सही अडते.