लिव्हर राहू द्या, कोलेट बघा
राउटरने (लाकडात खाच काढणारं यंत्र) काढलेली खाच सुरुवातीला ६ मिमी खोल आणि फळीच्या टोकाला ८ मिमी, खोली पक्की करणारा लिव्हर मात्र घट्ट? मग राउटरची सेटिंग नाही, बिटच (कापणारं पातं) कोलेटमधून, म्हणजे त्याचा दांडा पकडणाऱ्या चिमटीतून, सरकतंय. भुसा वर फेकणारं स्पायरल बिट तर स्वतःलाच लाकडात ओढून घेतं. मला हे दोन सागवानी फळ्या वाया गेल्यावर उमगलं! कोलेटला लागून बिटच्या दांड्यावर मार्करने रेघ मारा, हातभर खाच काढा. रेघ खाली आली की चोर सापडला. प्लग काढून कोलेट सोडवा, आतली राळ थिनरने पुसा. बिट कोलेटच्या आत तळाला टेकवून २-३ मिमी मागे ओढा, मगच आवळा. तरी सरकलं तर कोलेट झिजलंय, नवीनच घ्या.